जोडातला दगड

केसनंद फाट्यावर माझं दुकान.
दारात आडवे पडलेले टायर
आणि खिडकीच्या फळीवर दगडांची रांग.
एकेक दगड मी कुठल्या ना कुठल्या
जोडचाकाच्या मधून टॉमीनं उपसलेला.
एकाला सुरुंगाचं अर्धं भोक आहे.
त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

इंदुमती धोत्रे आली सकाळी नऊला,
भावडीच्या खाणीतून, स्वतः हायवा हाकत.
पापण्यांवर खडीची धूळ.
म्हणाली, रेडियल दाखवू नकोस.
त्याची कूस पातळ. नगर रस्त्यावर ऐट करील,
खाणीत पहिल्याच कपारीला फाटेल.
नायलॉन काढ, जाड कुशीचा.
नक्षी खोल पाहिजे, पण फटी अशा नकोत
की खडी आत जाऊन संसार मांडील.

हेच सांगायला मी तोंड उघडलं होतं.
मिटलं.

तिनं टायर उभा केला, गुडघ्याला टेकवला,
नख रुतवून पाहिलं, वास घेतला,
कडेवरचे चार आकडे वाचले,
कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात जन्मला ते.
"तीन पावसाळे गोदामात निजलाय हा.
निजून निजून अंग आखडतं रे."
मी मागच्या रांगेतला काढला.

"पुढं रिमोल्ड घालू नको," मी म्हणालो,
"मागं चालेल. मागं एक गेला
तर शेजारी जोडीदार असतो.
पुढं एकटाच."
तिनं माझ्याकडे पाहिलं जरा वेळ.
मग पाना मागितला.

माझा बाप याच डोंगरात सुतकी घेऊन बसायचा.
दगडाला शीर असते म्हणायचा,
शीर सापडली की तो आपणहून सुटतो,
नाही सापडली तर धार काढतो, आणि ती धार
कुणाला तरी लागतेच.
बाप गेला. डोंगर अर्धा गेला.
धार इथं येते, माझ्या दुकानात,
रबरात बोटभर रुतून.

हवा भरताना मी तिला लांब उभं केलं.
लॉकरिंगचं चाक. साखळीचे तीन वेढे दिले,
नळी लांबून धरली, तोंड फिरवलं.
ती हसली नाही. या फाट्यावर या गोष्टीला
कुणीच हसत नाही,
रऊफच्या दुकानाचं शटर खाली आलं तेव्हापासून.
रिंग नीट बसली नव्हती. त्यानं वाकून पाहिलं.
एवढंच.
छपराच्या पत्र्याला अजून भोक आहे.
दुपारी बंद दुकानात तिथून
उन्हाचा एक रुपया जमिनीवर पडतो.

नट समोरासमोर आवळले, एक हा, एक पल्याडचा.
पन्नास किलोमीटरला पुन्हा आवळ, मी म्हणालो.
ती म्हणाली, वीसला आवळते, खाणीचा रस्ता आहे.
मागच्या जोडात तिनं लोखंडी दांडी लोंबती ठेवली होती,
अडकलेला दगड हाकलायला. वेल्डिंग वाकडंतिकडं, पण घट्ट.
कुणी शिकवलं?
"दोन टायर गेले, त्यांनी."

दोन हजार कमी दिले. शनिवारी देते म्हणाली.
कुठला शनिवार ते मी विचारलं नाही.

रात्री बंदी उठते,
डंपर खराडीकडे सुटतात, नव्या इमारतींच्या पोटात
खडी ओतायला.
मी पडल्या पडल्या ऐकतो.
इंजिनाकडे माझं लक्ष नसतं. चाकाच्या फेऱ्याला
एकदाच येणारं ते
टक्.
टक्.
बायको म्हणते, निजा आता, तुमची गाडी आहे का?
मी लुंगी आवरत, टॉमी घेऊन
रस्त्यावर धावत असतो, हात हलवत.
ड्रायव्हर आईवरून शिवी देतो, मग ब्रेक दाबतो.
मी मोबाईलच्या उजेडात जोडात हात घालतो.

दगड निघतो तेव्हा गरम असतो,
हातात धरवत नाही.
बनियनच्या टोकात घेऊन येतो, फळीवर ठेवतो.
पहाटेपर्यंत निवतो.